महाल ते इतवारी, एका दिवसात आणि पायी: क्रम चुकला की दिवस वाया जातो

नागपूरचं जुनं गाव बघायला निघालेली माणसं दुपारी दोनला थकून, वैतागून परत येतात, हे मी इतक्यांदा पाहिलंय की शेवटी लिहून काढावंसं वाटलं. माझं बालपण महाल या तिथल्याच वस्तीत गेलं. घरी येणाऱ्या पाहुण्यांना घेऊन हा फेरा मी अजूनही वर्षातून चार-पाच वेळा मारते. चुका ठरलेल्या असतात. रविवारी जाणं, चारचाकी घेऊन जाणं, सकाळी नऊला इतवारीत पोचून बंद शटर बघणं, पहिल्याच दुकानात जड खरेदी करणं. त्यामुळे इथे इतिहास सांगत बसत नाही. काय आधी, काय नंतर आणि कुठे थांबायचं, एवढंच सांगते.

एक गोष्ट मनात पक्की करा: महाल सकाळचा, इतवारी अकरानंतरची. महालात वाडे, देवळं आणि गल्ल्या आहेत, त्या रहदारी वाढायच्या आत बघायच्या. इतवारी हा बाजार आहे, तो उघडायलाच अकरा-साडेअकरा होतात. हे उलटं केलंत तर दोन्ही हातचं जातं.

## टप्पा १: दिवस ठरवा

'इतवारी' म्हणजे रविवार, म्हणून बाजार रविवारी भरत असेल असं बाहेरच्यांना वाटतं. नाव जुन्या आठवडी बाजाराचं आहे. आजचा घाऊक बाजार रविवारी बहुतेक बंद असतो. मंगळवार ते शुक्रवार उत्तम. शनिवारी खरेदीची गर्दी असते, गल्लीत धक्के खात चालावं लागतं.

सणांचं पंचांग बघा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची, म्हणजे वाईटाला गावाबाहेर घालवणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते, आणि त्या दिवशी या भागात पाय ठेवायला जागा नसते. मारबत बघायची असेल तर तेवढ्यासाठीच या, तो दिवस बाजारासाठी धरू नका. दिवाळीच्या आधीचा आठवडाही टाळा.

ऋतूचं सांगायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगला. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेव्हा हा फेरा एका दिवसात करायचाच नाही. महाल सकाळी ६ ते ९, आणि इतवारी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ नंतर, असे दोन तुकडे करा.

## टप्पा २: हात मोकळे ठेवा

गाडीतून उतरून थेट निघणार असाल तर बॅगा नागपूर स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवा. त्यासाठी रेल्वेचं तिकीट लागतं आणि बॅगेला कुलूप लागतं, कुलपाशिवाय बॅग घेत नाहीत. एक लहान कुलूप जवळ असू द्या.

सोबत घ्यायचं ते थोडकंच:

- बंद, मळकी चालतील अशी चप्पल-बूट. गल्लीत हातगाड्या, बैलबंडी आणि पाण्याची डबकी असतात
- दोन कापडी पिशव्या, त्यातली एक फक्त मसाल्यासाठी
- दहा, वीस, पन्नासच्या नोटा (मोबाइलवरून पैसे बहुतेक ठिकाणी चालतात, पण ऑटोवाला आणि पुडी बांधणारा सुट्टेच मागतो)
- पाण्याची बाटली, उन्हाळ्यात दुपट्टा

सावधान: चारचाकी आणू नका. बडकस चौकातून पुढे गाडी नेली की ती ना पुढे जाते ना मागे येते. महामेट्रोच्या अ‍ॅक्वा लाइनवर अग्रसेन चौक आणि चितारओळी चौक ही दोन स्थानकं अगदी बाजाराला लागून आहेत. विमानतळाकडून किंवा खापरीकडून येत असाल तर सीताबर्डीला उतरून लाइन बदला.

## टप्पा ३: नावांचा घोळ आधीच सोडवा

हा टप्पा लोक गाळतात, आणि अर्धा तास ऑटोत हरवतो तो इथेच. जुन्या नागपुरात वस्त्यांना वारांची नावं आहेत, आणि एकेका वाराच्या दोन-तीन जागा आहेत.

जुनी शुक्रवारी वेगळी, नवी शुक्रवारी वेगळी, आणि शुक्रवारी तलाव म्हणजे आजचा गांधीसागर. जागनाथ बुधवारी इतवारीला लागून आहे, तर सक्करदऱ्याचा बुधवार बाजार शहराच्या दुसऱ्या टोकाला. मंगळवारी म्हणाल तर ऑटो सदरकडे वळेल. नुसतं 'बुधवारी' सांगून बसलात की चालक त्याच्या मनाने एक निवडतो, आणि चूक त्याची नसते.

इतवारी रेल्वे स्टेशनचंही तसंच. स्टेशनच्या नावात इतवारी आहे म्हणून बाजार फाटकाबाहेर सुरू होतो असं नाही. सराफा तिथून बराच आत आहे. बाहेरगावाहून गाडीने येत असाल तर मुख्य नागपूर स्टेशनवरच उतरा.

पत्ता सांगताना दुकानाचं किंवा घराचं नाव सांगू नका. चौक सांगा, पुतळा सांगा, ओळी (एकाच मालाच्या किंवा कामाच्या दुकानांची गल्ली) सांगा. 'भाऊ, गांधी गेट सोडता का?', 'नेहरू पुतळ्याकडून घ्या', 'टिळक पुतळा', 'तीन नळ चौक'. या खुणा लहान पोरालाही ठाऊक असतात. मोबाइलचा नकाशा मोठ्या रस्त्यापर्यंत बरा. आतल्या बोळात तो तुम्हाला एखाद्याच्या अंगणात उभा करतो.

तपासा: निघण्यापूर्वी कागदावर पाच नावं याच क्रमाने लिहा: गांधी गेट, बडकस चौक, चितारओळी, शहीद चौक, मस्कासाथ. हाच आजचा रस्ता.

## टप्पा ४: सात वाजता गांधी गेट

गांधीसागराच्या काठाला उतरा. तळं डोळाभर बघा आणि गांधी गेटकडे चालू लागा. हा जुना जुम्मा दरवाजा. त्याखालून पायी आत जायचं, ऑटोतून नाही. आतल्या रस्त्याचा अरुंदपणा एकदम जाणवतो आणि मग पुढचा सगळा महाल कळायला सोपा जातो.

सकाळी सातला दुकानं बंद असतात, आणि तेच हवं. फलक आणि छत्र्यांच्या मागे लपलेले लाकडी सज्जे, नक्षीच्या चौकटी, दगडी जोती याच वेळी दिसतात. नजर पहिल्या मजल्यावर ठेवा. खालचा मजला बहुतेक ठिकाणी दुकानांनी गिळलाय, जुनं घर वर उरलंय.

कोतवालीच्या बाजूने आत या. कल्याणेश्वराचं देऊळ आणि रुख्मिणीचं देऊळ, दोन्ही भोसलेकालीन, दोन्ही ठिकाणी सकाळची पूजा चालू असते. एकेका देवळाला पंधरा मिनिटं द्या. दगडावरचं कोरीव काम सकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसतं, बारा वाजता तेच सपाट दिसतं. फोटो काढायचे तर आधी पुजाऱ्यांना विचारा. गाभाऱ्याचे काढू नका.

त्यानंतर भोसल्यांचा वाडा. इथे लोक सर्रास चुकतात. हा वाडा संग्रहालय नाही, तिकिटाची खिडकी शोधू नका. भोसले घराण्याची ती आजही राहती वास्तू आहे. बाहेरून बघा. आत जायला कुणी बोलावलं तर नशीब समजा. चिटणवीस वाड्यासारख्या बाकीच्या वाड्यांनाही तोच नियम. दार उघडं आहे म्हणजे आमंत्रण आहे असं नव्हे. अंगणात कुणी आजी किंवा काका बसले असतील तर दाराशी थांबून 'काका, चौक बघू का जी?' एवढं विचारा. दहातल्या सात वेळा 'या ना' ऐकू येतं, आणि मग त्या वाड्याची जी गोष्ट कळते ती कुठल्याही फलकावर नसते. नाही म्हणाले तर नमस्कार करून पुढे.

सावधान: राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचं मुख्यालय महालातच आहे आणि तिथे कायम सुरक्षा असते. त्या रस्त्यावर कॅमेरा खिशात ठेवा. ड्रोन तर घरीच ठेवा.

## टप्पा ५: नाश्ता, पण साडेआठच्या आत

तर्री पोहे सकाळचेच खायचे. उशिरा गेलात तर पोहे कोरडे झालेले असतात आणि तर्री ढवळून ढवळून पातळ. ठेला निवडताना एकच खूण बघा: पातेलं किती वेगाने रिकामं होतंय. ऑफिसला निघालेली माणसं जिथे उभ्याने खातात तिथे थांबा.

तर्री म्हणजे हरभऱ्याच्या रश्श्यावरचा लाल तवंग. पहिल्यांदा खाणाऱ्याने 'तर्री कमी, रस्सा वेगळा' असं सांगावं. लागली तर वरून मिळते, काढून टाकता येत नाही. आणि पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: इथे 'सांबार' म्हणजे कोथिंबीर. 'सांबार टाकू का?' असं विचारलं तर घाबरून नाही म्हणू नका. थंडीत सांबारवडी दिसली तर घ्या, कोथिंबीर स्वस्त आणि कोवळी असते तेव्हाच ती खरी लागते.

पोट गच्च भरू नका. पुढे तीन-चार तास चालायचंय.

## टप्पा ६: बडकस चौक ते चितारओळी

नऊच्या सुमारास बडकस चौक आणि केळीबाग रोड जागे होऊ लागतात. इथून सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूच्या दिशेने चालायचं आणि वाटेत चितारओळी विचारायची. माझ्या मते अख्ख्या फेऱ्यातली ही सगळ्यात मोलाची जागा, आणि लोक ती नकाशात एक मेट्रो स्थानक म्हणून ओलांडतात.

इथे मूर्तिकारांची घरं आणि कारखाने एकच आहेत. पावसाळ्यात गणपती, मग दुर्गा, लक्ष्मी. ओल्या मातीचा वास गल्लीत शिरल्याबरोबर येतो. गणेशोत्सवाच्या एक-दीड महिना आधी आलात तर मातीपासून डोळ्यांपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या एका गल्लीत ओळीने दिसतात. बाकी महिन्यांत काम कमी असतं, पण बोलायला माणसांना सवड असते. तेही कमी नाही.

इथे वागायचं कसं:

ओल्या मूर्तीला बोट लावायचं नाही, 'सुकलीय का बघतो' म्हणूनही नाही. डोळे रंगवायचं काम चालू असेल तर बोलायचं नाही, श्वासही जपून घ्यायचा. फोटो विचारून. घासाघीस मूर्ती घ्यायची असेल तरच, नुसता भाव काढत फिरू नका. त्या भावावर त्यांचं वर्ष चालतं.

तपासा: मूर्ती घेणार असाल तर माती की पीओपी हे नखाने ठरत नाही. पाठीमागचा न रंगवलेला भाग बघा. मातीचा रंग राखाडी-तपकिरी असतो आणि मूर्ती हातात जड लागते, पीओपी पांढरं आणि हलकं. तरी शेवटी मूर्तिकारालाच सरळ विचारा. सरळ विचारलं की सरळ सांगतात.

## टप्पा ७: इतवारीत शिरा, पण पहिला तास काही विकत घेऊ नका

अकराच्या सुमारास सेंट्रल अ‍ॅव्हेन्यू ओलांडायचा. हा रस्ता रुंद आणि वेगवान आहे, सिग्नलवरूनच ओलांडा. मेट्रो स्थानकात शिरून पाणी, प्रसाधनगृह उरकून घ्या. पुढे बाजारात, विशेषतः बायकांसाठी, स्वच्छ सोय मिळणं कठीण आहे. ही गोष्ट कुणी आधी सांगत नाही आणि दुपारी तीच सगळ्यात जास्त नडते.

आता इतवारीचं व्याकरण. इथे बाजार दुकानांचा नाही, ओळींचा आहे. सराफा ओळी, किराणा ओळी, बर्तन ओळी, लोहा ओळी, रेशीम ओळी. एका ओळीत एकच माल, समोरासमोर वीस-पंचवीस दुकानं. शहरातल्या नेहमीच्या सवयीने 'अमुक दुकान कुठे?' असं विचारलं तर माणसं गोंधळतात. 'किराणा ओळी कुठून?' म्हटलं की बोट दाखवतात.

पहिला तास फक्त एक चक्कर: शहीद चौक, सराफा, तीन नळ चौक, नेहरू पुतळा, किराणा ओळी, आणि शेवटी मस्कासाथ. भाव विचारा, वहीत लिहा, पुढे चला. एकदा माझ्या मावसबहिणीने शहीद चौकाजवळच पितळी हंडा घेतला आणि तो कडेवर घेऊन आम्ही दोघी चार तास फिरलो. शेवटी तिने मसाला न घेताच परत जायचं ठरवलं, कारण हात उरला नव्हता. ती आली होती मसाल्यासाठीच.

सावधान: हमालांना वाट द्या. पाठीवर पोतं घेतलेला माणूस थांबू शकत नाही. मागून 'बाजू, बाजू' ऐकू आलं की मागे वळून बघू नका, सरळ भिंतीला लागा.

## टप्पा ८: खरेदी हलक्याकडून जडाकडे

आधी सोनं-चांदी, मग कापड, मग मसाला, शेवटी भांडी. वजनाचा क्रम हाच आणि डोकं ताजं लागतं त्याचाही हाच.

सराफा. दागिना घ्यायचा असेल तर तीन खुणा बघा: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा (२२ कॅरेटला ९१६, १८ कॅरेटला ७५०) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून हा एचयूआयडी असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूंना मात्र सूट आहे. दुकानातच बसून 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाका. चांगला सराफ त्यासाठी स्वतः भिंग पुढे करतो. बिलात सोन्याचं वजन, खड्यांचं वजन, त्या दिवसाचा भाव, घडाई आणि ३ टक्के जीएसटी हे सगळं वेगवेगळं लिहिलेलं हवं. घासाघीस घडाईवर होते, भावावर नाही. 'कच्च्यात देतो, टॅक्स वाचेल' असं कुणी म्हटलं तर उठा. उद्या दागिना मोडायला नेलात की कागद नसल्याचं दुःख कळतं.

कापड. गांधीबागेचा कापड बाजार घाऊक आहे. आत शिरताना पहिला प्रश्न हाच: 'भाऊ, चिल्लर देता का?' चिल्लर म्हणजे एक-दोन नग. नाही म्हणाले तर वाद घालू नका, पुढच्या दुकानी विचारा. विदर्भाची म्हणून एकच साडी घ्यायची असेल तर करवती काठाची टसर घ्या. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते, आणि हातमागावर तो काठ अंगाच्या धाग्यात गुंतवून विणतात. म्हणून साडी उलटी करून बघा. नक्षी उलट बाजूनेही तशीच स्वच्छ दिसली तर ती विणलेली. मागे लोंबते धागे असतील किंवा रंग फिका पडला असेल तर यंत्रावरची नाहीतर छापील. एखादा सुटा धागा मागून घ्या आणि जाळून बघा: रेशमाला केस जळाल्याचा वास येतो आणि राख चुरगळते, नकली धागा वितळून गोळी बनतो.

मसाला. सावजी मसाला तयार, दळलेला घेऊ नका. अख्खा घ्या. किराणा ओळीत 'दोन किलो मटणाचा खडा मसाला बांधा' म्हटलं की दुकानदार धणे, दगडफूल, कलमी, लवंग, मोठी विलायची, शहाजिरं, खसखस, जायपत्री अशी पुडी स्वतःच्या अंदाजाने बांधतो. कलमी म्हणजे दालचिनी, गोंधळू नका. दगडफूल नाकाशी धरा. मातकट, रानाचा वास यायलाच हवा, नुसता धुळीचा आला तर जुनं आहे. मिरची देठासकट घ्या. भिवापुरी मागा, तिला भौगोलिक मानांकन आहे. मिरची मोडून बघा: कट्कन तुटली तर वाळलेली, वाकली तर ओल आहे आणि घरी पोचेपर्यंत बुरशी येईल. बोटाला तेलकट लाल रंग लागला तर सोडून द्या.

तपासा: मसाल्याची पिशवी साडीच्या पिशवीत गेली नाही ना? टसरला लागलेला मिरचीचा वास दोन धुण्यात जात नाही.

मस्कासाथला पोहे, मुरमुरे आणि फुटाणे घ्या. मोठं पोतं बघून भिऊ नका, अर्धा किलोही देतात.

## टप्पा ९: जेवण

एक-दीड वाजलेला असतो. सावजी जेवायचंच असेल तर पहिल्यांदा एकाच माणसाने एक ताट मागवा, बाकीच्यांनी त्यातून चव घ्या. तो तिखटपणा मिरचीइतकाच काळ्या मसाल्याचा असतो. तोंडाला उशिरा कळतो, पोटाला आणखी उशिरा. रात्रीची गाडी असेल तर सावजी टाळा, हे मी अगदी मनापासून सांगते. मांसाहार नको असेल तर पाटोडी-रस्सा (बेसनाच्या वड्यांचा रस्सा) मागा. मसाला तोच, त्रास थोडा कमी.

## टप्पा १०: परतीच्या वेळी संत्री

संत्र्यासाठी इतवारीत धावाधाव करू नका, परतीच्या वाटेवर घ्या. आंबिया बहाराची फळं ऑक्टोबर ते डिसेंबर येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. उन्हाळ्यात कुणी 'ताजी नागपुरी' म्हणून दिली तर ती शीतगृहातली असते. रंगावर जाऊ नका, थोडी हिरवी झाकही चालते. हातावर तोला. आकाराच्या मानाने जड लागलं तर रस आहे, हलकं आणि फुगीर असेल तर आत सुकलेलं. टोपलीत खालच्या थरातलं एक फळ काढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

संत्रा बर्फी घेणार असाल तर डब्यावरची तारीख वाचा. खव्याची बर्फी थोडेच दिवस टिकते, उन्हाळ्यात त्याहून कमी. लांबचा प्रवास असेल तर ती सगळ्यात शेवटी, गाडीच्या तासभर आधी घ्या. भांडी घेतली असतील तर बर्फीचा डबा त्यांच्या वर ठेवा, खाली नाही.